फ्लेक्शन म्हणजे नेमकं काय? पत्रकात 'आकुंचन' लिहू की 'दुमडणे'?

निंबाची सावली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांध्यांच्या व्यायामाचं एक पानी पत्रक मराठीत करायला घेतलंय. वाचणार आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य-स्वयंसेविका, आणि त्यांच्या तोंडून ऐकणार ते निंदण-वेचणीला जाणारे लोक. मूळ इंग्रजी मजकुरात ओळीआड फ्लेक्शन आहे: नी फ्लेक्शन, शोल्डर फ्लेक्शन, प्लँटर फ्लेक्शन, आणि शेवटी ठळक अक्षरात 'फ्लेक्शन कॉन्ट्रॅक्चर टाळा'.

शब्दकोशात 'आकुंचन' मिळतं. पण 'गुडघ्याचे आकुंचन करा' असं वाचून दाखवलं तर समोरचा माणूस गुडघा लहान कसा करायचा म्हणून पाहत राहील.

दुसरं, व्याख्या दिलीय 'सांध्यातला कोन कमी होणे'. कोपराला, गुडघ्याला पटतं. खांद्यात हात पुढून वर उचलला तर कोणता कोन कमी होतो? आणि घोट्यात पाऊल वर नेलं तरी फ्लेक्शन, खाली दाबलं तरी फ्लेक्शन, हे कसं काय? हा शब्द मुळात आला कुठून, आणि त्यावरून यातलं काही उलगडतं का?

हाडंसांधे

ताई, 'कोन कमी होणे' ही शिकवायला सोपी व्याख्या आहे, पण ती कोपर, गुडघा आणि बोटं एवढ्यांपुरतीच नीट चालते. खांद्यापाशी ती कोलमडते, हे तुम्ही बरोबर पकडलंत.

सुरुवात उभं राहण्याच्या ठरावीक पद्धतीपासून करा. माणूस ताठ उभा, हात बाजूला सोडलेले, तळवे समोर. या स्थितीत प्रत्येक सांधा शून्य अंशावर धरतात. इथून पुढे-मागे होणाऱ्या हालचालींपैकी मान, कंबर, खांदा, कोपर, मनगट, हाताची बोटं आणि खुबा यांची पुढे जाणारी हालचाल म्हणजे फ्लेक्शन. गुडघ्यापासून खाली दिशा उलटते: पोटरी मागे जाते ते फ्लेक्शन. म्हणून हात पुढून वर नेणं हे खांद्याचं फ्लेक्शन, आणि ते थेट १८० अंशांपर्यंत मोजतात. तिथे कोन कमी होतो की वाढतो हे पाहायचंच नाही, दिशा पाहायची.

दिशा गुडघ्यातच का उलटते, याचं कारण गर्भात आहे. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात हात बाहेरच्या अंगाला फिरतात आणि कोपर मागे जातं. पाय आतल्या अंगाला फिरतात आणि गुडघा पुढे येतो. त्यामुळे हाताची दुमडणारी बाजू समोर राहिली आणि पायाची मागे गेली.

घोट्याचा घोळ यातूनच झालाय. पाऊल वर उचललं की नडगी आणि पाऊल यांच्यातला पुढचा कोन कमी होतो, म्हणून कोनाच्या व्याख्येने ते फ्लेक्शन. पण गर्भातल्या फिरण्याच्या हिशेबाने दुमडणारी बाजू तळव्याची. पायाची बोटं वर उचलणारे स्नायू बघा, त्यांची नावं एक्स्टेन्सर (म्हणजे सरळ करणारा, फ्लेक्शनच्या उलट) हॅल्युसिस लाँगस, एक्स्टेन्सर डिजिटोरम लाँगस अशी आहेत, आणि हेच स्नायू पाऊलही वर उचलतात. हालचालीच्या नावात फ्लेक्शन आणि ती करणाऱ्या स्नायूच्या नावात एक्स्टेन्सर! भांडण नको म्हणून दोन्हींना फ्लेक्शन म्हटलं आणि पुढे दिशा लावली. पाऊल वर ते डॉर्सिफ्लेक्शन, खाली ते प्लँटर फ्लेक्शन. डॉर्सि म्हणजे पावलाच्या पाठीकडे, प्लँटर म्हणजे तळव्याकडे. पत्रकात हे शब्द आणूच नका. 'पाऊल आपल्याकडे ओढा' आणि 'पाऊल खाली दाबा, गाडीचा ब्रेक दाबतो तसं' एवढं लिहिलं की काम होतं.

अंगठ्याची एक वेगळी खोड. तो बाकीच्या बोटांच्या मानाने जवळजवळ काटकोनात वळलेला आहे. त्याचं फ्लेक्शन म्हणजे तळव्यावरून करंगळीच्या दिशेने सरकणं. तळव्यापासून वर उचलला तर ती हालचाल दुसरी.

शब्दवेल्हाळ

शब्दाचं मूळ सांगतो. लॅटिनमध्ये 'फ्लेक्टेरे' म्हणजे वाकवणे, त्यावरून 'फ्लेक्सिओ' हे नाम, त्यावरून इंग्रजी फ्लेक्शन. वाकवणारा स्नायू तो फ्लेक्सर. फ्लेक्सिबल, रिफ्लेक्स, रिफ्लेक्शन ही सगळी याच घरची भावंडं. चौकात वाढदिवसाचा जो फ्लेक्स लागतो तोही याच गोतावळ्यातला, वाकणारं-गुंडाळता येणारं कापड म्हणून. गावात हा शब्द पोहोचला नाही असं कोण म्हणेल?

एक्स्टेन्शन, म्हणजे उलट सरळ होणं, त्याचं मूळ 'टेन्डेरे', म्हणजे ताणणे. हे आपल्याला जास्त जवळचं आहे, कारण 'टेन्डेरे' आणि संस्कृत 'तन्' हे एकाच मुळाचे. त्या 'तन्'मधूनच आपला ताण, ताणणे, तंतू. तसंच गुडघ्याला लॅटिनमध्ये 'जेनु', संस्कृतात 'जानु'. आजानुबाहू, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. चर्चमध्ये गुडघा टेकण्याला जेनुफ्लेक्शन म्हणतात, त्यात जानु आणि फ्लेक्शन शेजारी शेजारी बसलेत.

आता 'आकुंचन'. संस्कृत 'कुञ्च्' म्हणजे वाकडं होणे, आत वळणे. कुरळ्या केसांना कुंचित म्हणतात ते यावरूनच. कणादाच्या वैशेषिक दर्शनात कर्माचे, म्हणजे गतीचे, पाच प्रकार दिलेत: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. (पंचकर्म ऐकून कुणाला तेलाची धार आठवली असेल तर ते प्रकरण वेगळं.) तर्कसंग्रह या त्याच परंपरेतल्या छोट्या ग्रंथात आकुंचनाची ओळख अशी दिली आहे की ज्या क्रियेने वस्तू शरीराच्या जवळ येते ते आकुंचन, लांब जाते ते प्रसारण. म्हणजे फ्लेक्शनला आकुंचन हा प्रतिशब्द कुणी टेबलावर बसून पाडलेला नाही, अर्थाने तो चोख आहे. बिघडलंय ते पुढे.

बिघडलं असं की शाळेच्या पुस्तकांत 'आकुंचन' हृदयाला आणि स्नायूला बांधलं गेलं. स्नायू आखूड होतो ते आकुंचन, हृदय दाबलं जातं ते आकुंचन. एका शब्दावर दोन ओझी आली. शिवाय जोडीचा शब्द 'प्रसरण' लिहावा की 'प्रसारण'? संस्कृतात प्रसरण म्हणजे आपोआप पसरणं आणि प्रसारण म्हणजे पसरवणं, म्हणून सांध्याला खरं तर प्रसारण हवं. पण मराठीत प्रसारण म्हटलं की रेडिओच लागतो.

हाडंसांधे

दोन ओझ्यांचा मुद्दा नुसता भाषेचा नाही. त्यातून व्यायाम चुकीचे सांगितले जातात.

घागर हळूच खाली ठेवताना कोपर सरळ होत जातं, म्हणजे एक्स्टेन्शन. पण काम कोण करतंय? दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे फ्लेक्सर. तो लांब होत होत घागर धरून ठेवतो. त्याने सोडलं तर घागर आदळेल. उकिडवं बसताना उलट चित्र. गुडघा दुमडत जातो, फ्लेक्शन चाललंय, पण दुमडण्याचं काम अंगाचं वजन करतं. मांडीचा पुढचा स्नायू, जो गुडघा सरळ करणारा आहे, तो ब्रेक लावत असतो. निंदताना शंभर वेळा उठबस केली की दुखतं ते गुडघ्याच्या पुढे, वाटीभोवती, ते यामुळे. 'गुडघा दुमडताना दुखतो' असं ऐकून दुमडणाऱ्या स्नायूला व्यायाम दिला तर हाती काही लागत नाही. मजबूत करायचा तो मांडीचा पुढचा स्नायू.

म्हणून सांध्याला दुमडणे, स्नायूला आकुंचन. एका वाक्यात दोन्ही एकाच अर्थाने वापरू नका.

टोंगया

आमच्याकडे गुडघा म्हणतच नाहीत जास्त. टोंगळा, बोलताना टोंगया. आशाताईला विचारायचं असेल तर 'टोंगया किती दुमडते?', 'उकिडवं बसता येते का?' असंच विचारावं लागते. आणि ढोपर शब्द पत्रकात नका टाकू. तो कुठं गुडघ्याले लावतात, कुठं कोपराले.

क्रियापदं पण सांभाळून घ्या. 'कोपर मोडा' लिहाल तर लोक घाबरतील, हात मोडला म्हणजे हाड मोडलं. बोटं मोडणं म्हणजे कडाकडा वाजवणं, नाहीतर कुणाच्या नावानं शिव्याशाप. 'हात वळा' पण नको, हातपाय वळणं म्हणजे पेटके येणं. पण मूठ मात्र वळतातच, ते चालते. कंबरेत वाकणं, टोंगळ्यात दुमडणं, मूठ मिटणं, मान खाली घालणं, जागेजागेचा शब्द वेगळा आहे. इंग्रजीत सगळ्याले एकच फ्लेक्शन असलं तरी आपण कशाले एकच ठेवायचा?

उलट बाजूले 'पाय लंबा करा' म्हणा. 'प्रसरण' कोणी म्हणत नाही.

निंबाची सावली

टोंगयाभाऊ, हे फार कामाचं. ढोपर काढून टाकलं.

हाडंसांधे सर, शेवटच्या ओळीचं काय? 'फ्लेक्शन कॉन्ट्रॅक्चर टाळा' याचं मी 'दुमडण्यात अडथळा येऊ देऊ नका' असं केलंय. बरोबर ना?

हाडंसांधे

नाही ताई, अर्थ नेमका उलटा झाला. बरं झालं विचारलंत.

फ्लेक्शन कॉन्ट्रॅक्चर म्हणजे सांधा दुमडलेल्या अवस्थेत आखडून बसलाय आणि आता सरळ होत नाही. नाव फ्लेक्शनचं, अडथळा सरळ करण्यात. 'टोंगळा वाकडाच आखडू देऊ नका, पुरता सरळ होत राहिला पाहिजे' असं लिहा. 'आखडणे' हा शब्द इथे चपखल बसतो.

हे होतं कसं तेही पत्रकात दोन ओळींत घाला, कारण चूक घरीच होते. गुडघ्याला मार लागला, सूज आली, की तो २५-३० अंश दुमडलेला ठेवला तर आराम वाटतो. त्या स्थितीत सांध्याच्या पिशवीत पाण्याला सर्वात जास्त जागा असते आणि ताण सर्वात कमी. मग घरचे मायेने टोंगळ्याखाली उशी देतात. ती उशी आठवडे तशीच राहते, मागची पिशवी आणि स्नायू आखूड होतात, आणि सूज उतरली तरी पाय सरळ होत नाही. मग चालताना मांडीचा पुढचा स्नायू क्षणभरही मोकळा सुटत नाही, पाय लवकर थकतो, आणि तो आखूड असल्यासारखी लंगड येते.

उशी टोंगळ्याखाली नको. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवायचा, टोंगळा अधांतरी राहिला पाहिजे. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. वजनाने तो आपोआप सरळ होतो. जोडीला मांडी घट्ट करून टोंगळा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. हे सगळं ज्याच्या हाडाला धोका नाही आणि डॉक्टरांनी हलवायला परवानगी दिली आहे त्यालाच.

भाजलेल्यांचंही असंच. चुलीशी कोपराच्या खोबणीत भाजलं की माणूस हात दुमडून धरतो, कारण तसं कमी दुखतं. जखम भरताना कातडी तशीच आकसते. तिथे कोपर पट्टीने सरळ ठेवावं लागतं.

आणि कोपराची एक गोष्ट ठळक टाका. कोपराच्या हाडाला मार लागून प्लास्टर निघाल्यावर तेल लावून जोरात मालिश करणं, कुणीतरी धरून जबरदस्तीने दुमडणं-सरळ करणं, हे अजिबात नको. अशा ओढाताणीने कोपरासमोरच्या स्नायूत हाड तयार होऊ लागतं आणि सांधा कायमचा अडकू शकतो. कोपर स्वतःच्या ताकदीने, दुखणार नाही इतकंच हलवायचं.

शब्दवेल्हाळ

'आखडणे'ला माझाही कौल. 'हात आखडता घेतला' यात तीच जवळ ओढून धरण्याची क्रिया आहे.

वैद्यबुवा

आकुंचन शब्दाला एवढं बाजूला सारू नका. सुश्रुताने शरीरात २१० संधी सांगितले आणि त्यांचे आठ प्रकार केले. बोटं, मनगट, घोटा, गुडघा, कोपर हे सगळे त्याने 'कोर' या एका प्रकारात टाकले. खांद्याची काख आणि खुब्याची जांघ 'उलूखल' मध्ये, उलूखल म्हणजे उखळ. त्या काळी दिसणाऱ्या वस्तूंवरून ठेवलेली ही नावं आहेत. उखळात मुसळ कुठल्याही बाजूला कलतं, म्हणून खांद्याला हालचाली अनेक आणि तिथे कोनाची व्याख्या फसते. कोर संधीला मुख्य हालचाल आकुंचन-प्रसारणाचीच. बी.ए.एम.एस.च्या मुलांना हेच शब्द वापरावे लागतात. पत्रकात दुमडणे ठेवा, पण प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत आकुंचन कंसात असू द्या.

हाडंसांधे

बुवा, पुस्तिकेत मान्य. कोरमधल्या गुडघ्याला दुमडल्यावर थोडं फिरणंही येतं, पण तो वाद इथे नको.

पुस्तिका निघणार असेल तर मोजमापाचं पान हवंच. प्रौढ माणसाचे सर्वसाधारण आकडे असे धरतात: कोपर ० ते १५०, मनगट पुढे ८० आणि मागे ७०, खुबा १२०, गुडघा ० ते १३५ किंवा थोडं जास्त, पाऊल वर २० आणि खाली ५०. खुर्चीवर बसायला गुडघा साधारण ९० लागतो. सपाट चालताना ६० च्या आसपास पुरतो. उकिडवं बसायला मात्र १३० च्या वर, आणि आपल्याकडे निंदणं, चुलीपुढं बसणं, संडास, सगळं तिथेच अडतं. म्हणून शहरातल्या कागदावर '११० अंश, उत्तम' लिहिलेला गुडघा शेतात निकामी ठरतो.

गुडघा मोजायची पद्धत: माणूस उताणा, खुबाही दुमडू द्या, टाच अंथरुणावरून ढुंगणाकडे सरकवायला सांगा. कोनमापकाचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर, एक पट्टी खुब्याच्या बाहेरच्या हाडाच्या दिशेने, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या दिशेने. पालथं झोपवून मोजलं तर आकडा कमी येतो, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूचा एक पदर खुब्यावरूनही जातो आणि तो आधीच ताणलेला असतो. दोन भेटींत दोन पद्धती वापरल्या तर सुधारणा की बिघाड काहीच कळणार नाही. स्वतः किती दुमडतो आणि आपण हात लावून किती दुमडतं, हे वेगवेगळं लिहा. दुसरा आकडा सहसा जास्त असतो.

लिहिताना '१५–११०' असं लिहिलं तर अर्थ: १५ अंश सरळ व्हायचा बाकी, ११० पर्यंत दुमडतो. काही जुन्या कागदांवर सरळ पायाला १८० धरलेलं असतं. तिथला ११० म्हणजे आपल्या हिशेबाने ७०. पानाच्या माथ्यावर 'सरळ = ०' छापून टाका, म्हणजे हा घोळ संपतो.

गोठ्यावरचा

माणसांच्या चर्चेत बैल घुसवतो, माफ करा. पण दिशेचा प्रश्न गोठ्यात लवकर समजतो.

बैलाच्या पुढच्या पायाला ज्याला आपण गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट आहे. खरा कोपर वर, छातीला लागून. मागच्या पायाला जो मागे निघालेला टोकदार सांधा दिसतो तो घोटा, आणि ते टोक म्हणजे टाच. खरा टोंगळा पोटाच्या कडेला, वाटी तिथेच असते. 'बैलाचा मागचा गुडघा उलटा दुमडतो' असं जे म्हणतात ते म्हणूनच चूक, तो घोटा आहे.

दुमडणं बंद पडलं की काय होतं तेही बघायला मिळतं. आतल्या बाजूचा वाटीचा बंध मांडीच्या हाडाच्या कडेवर अडकून बसतो. वाटी वरच राहते, टोंगळा दुमडत नाही, आणि टोंगळा अडला की घोटाही दुमडत नाही, दोन्ही सांधे एकमेकांना बांधलेले. पाय मागे ताठ राहतो, खुराचं टोक जमिनीला घासत जातं, मग एकदम झटका देऊन सुटतो. सकाळी पहिल्या पावलांना जास्त. खुराचं टोक पुढून झिजलेलं दिसलं तर हे आधी तपासा. उपाय पशुवैद्यकाकडे, तो बंध छोट्या शस्त्रक्रियेने कापतात. डागण्या देऊ नका, अडकलेला बंध डागून सुटत नाही.

टोंगया

विळ्याचं पण टाका कोणी. सोयाबीनच्या कापणीत बोटं कापतात, वरून टाके घालून घरी येतात, आणि मग समजते की बोट मिटतच नाही.

हाडंसांधे

खरंय. बोट दुमडणाऱ्या दोन दोऱ्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, असतात, वरची आणि खोलची. खोलची शेवटच्या पेराला जाते, वरची मधल्या पेराला. तपासणी टाके घालण्याआधी करायची. मधलं पेर आपल्या चिमटीत सरळ धरून 'फक्त टोक दुमडा' म्हणा. टोक हललं नाही तर खोलची दोरी गेली. मग बाकीची बोटं सरळ दाबून धरा आणि ते एकच बोट दुमडायला सांगा. मधल्या सांध्यात दुमडलं नाही तर वरची गेली. तर्जनीत ही दुसरी तपासणी नेहमी खात्रीची नसते.

हात लावण्याआधी नुसतं पाहूनही कळतं. तळवा वर करून हात सैल सोडला की सगळी बोटं करंगळीकडे वाढत जाणाऱ्या क्रमाने थोडी मिटलेली राहतात. मनगट मागे वाकवलं की ती आणखी मिटतात, हे दोऱ्यांच्या ताणानेच होतं. त्या रांगेत एकच बोट सरळ उठून दिसलं तर दोरी तुटलीय. त्याला बोट जोरात दुमडून बघायला लावू नका, अर्धवट तुटलेली दोरी पुरती तुटेल. जखम झाकून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा. उशीर झाला तर तुटलेलं टोक तळव्याकडे सरकतं आणि जोडणं अवघड होतं.

निंबाची सावली

पत्रकाचा मसुदा असा झालाय, पाहून घ्या:

'टोंगळा दुमडा: उताणे झोपा, टाच अंथरुणावरून ढुंगणाकडे सरकवा. टोंगळा लंबा करा: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, टोंगळ्याखाली काही नाही. हात पुढून वर न्या, कानापर्यंत. पाऊल आपल्याकडे ओढा, मग खाली दाबा. मूठ वळा, मग बोटं पुरती उघडा. टोंगळा वाकडाच आखडू देऊ नका.'

टोंगया

'ढुंगणाकडे' बायांपुढं वाचून दाखवाले आशाताई लाजतील. 'टाच आपल्याकडे ओढा' करा.

हाडंसांधे

पण मग 'पाऊल आपल्याकडे ओढा' शी गल्लत होईल. पहिल्यात 'टाच अंथरुणावरून वर सरकवत आणा, टोंगळा उभा होईल' असं करा.